जुन्या यंत्रांचा सरवा

आमच्या संगणकाच्या वर्गांत हल्लीं एक प्रश्न वारंवार निघतो. अमेरिकेंतील इंटरनेट अर्काइव्ह या संस्थेनें १९८४ व त्यानंतरच्या मॅकिन्टॉश संगणकांवर चालणाऱ्या पुष्कळशा आज्ञावल्या, ज्यांना सर्रास सॉफ्टवेअर म्हणतात त्या, २०१७ सालीं सर्वांपुढें खुल्या केल्या. त्यामुळें आज कोणत्याही मुलाला घरच्या संगणकावर एक खिडकी उघडून तिच्यांत तो चाळीस वर्षांपूर्वींचा मॅकिन्टॉश चालतांना पाहतां येतो. मुलें त्यावर काळींपांढरीं चित्रें काढतात, खेळ खेळतात, आणि मग त्यांच्यांतला एखादा चौकस विद्यार्थी विचारतो कीं, हें कोणीं दिलें, ज्यानें केलें त्याला यांतून कांहीं मिळतें काय, आणि मिळत नसेल तर आपण तें फुकट घेतों ही चोरी नव्हे काय?

ज्या शाळेंत दहा आज्ञा मुलांकडून पाठ करून घेतल्या जातात त्या शाळेला या प्रश्नाचें उडवाउडवीचें उत्तर देतां येत नाहीं. पालकांपैकीं कांहींचें म्हणणें असें पडतें कीं, जुनी झालेली व कोणी विकत नसलेली वस्तु कोणाचीच नव्हे. ती घेण्यांत पाप कसलें? दुसरे कांहीं म्हणतात कीं, कायदा तो कायदा. चाळीस वर्षें लोटलीं म्हणून दुसऱ्याची वस्तु आपली होत नाहीं. आम्हांला हीं दोन्ही उत्तरें अपुरीं वाटतात. तीं कां अपुरीं हें सांगण्याआधीं हे जुने संगणक बिघडतात कसे आणि दुरुस्त होतात कोणाच्या आधारानें, याची हकीकत थोडी विस्तारानें सांगितली पाहिजे. कारण आमच्या मतें या प्रश्नाचा निवाडा त्या दुरुस्तीच्या खटाटोपांतच सांपडतो.

पहिला मॅकिन्टॉश ॲपल कंपनीनें ता. २४ जानेवारी १९८४ रोजीं बाजारांत आणला. किंमत २,४९५ डॉलर. पडदा नऊ इंची व केवळ काळापांढरा. स्मृति अवघी १२८ किलोबाइट. आज खिशांतल्या फोननें काढलेलें एक छायाचित्रही त्या स्मृतींत मावणार नाहीं. परंतु त्या यंत्राचें मोल या आंकड्यांवरून करूं नये. हुकूम टाइप करण्याऐवजीं पडद्यावरील चित्राकडे बोट दाखवावें आणि यंत्रानें समजून घ्यावें, ही रीति सामान्य माणसाच्या घरांत त्यानेंच रुजविली. सूझन केअर या चित्रकार बाईंनीं त्यासाठीं जीं इवलींशीं चित्रें काढलीं त्यांत एक हंसऱ्या चेहऱ्याचा संगणक होता. यंत्र सुरू होतांना सर्व ठीक असेल तर तो दिसे. ठीक नसेल तर डोळ्यांच्या जागीं फुल्या असलेला, तोंड वाकडें झालेला दुसरा चेहरा काळ्या पडद्यावर येई आणि त्याखालीं कांहीं अंक उमटत. त्या अंकांवरून दुखणें कोणतें तें ओळखावयाचें. या पहिल्या मॅकिन्टॉशच्या पेटीच्या आंतल्या बाजूस तो तयार करणाऱ्या मंडळींच्या सह्या सांच्यांतच उमटविलेल्या होत्या; विकत घेणाऱ्याला त्या सहसा दिसूं नयेत अशा जागीं! हें आम्ही मुद्दाम नमूद करतों. पुढें कर्त्याच्या हक्काचा विषय निघणार आहे, आणि कर्ता म्हणजे कंपनीची पाटी नव्हे, सही करणारीं माणसें होत, हें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें.

आतां हे संगणक म्हातारे झाले आहेत आणि त्यांचीं दुखणींही म्हातारपणाचींच आहेत. घड्याळ चालू राहावें म्हणून पुष्कळ नमुन्यांत ३.६ व्होल्टची एक लहानशी लिथियम बॅटरी असते. ती संपली म्हणजे यंत्र आजचा दिवस विसरतें. जुन्या मॅकिन्टॉशचें घड्याळ १ जानेवारी १९०४ पासूनचे सेकंद मोजीत असल्यामुळें तें बापडें बहुधा त्या तारखेलाच जाऊन बसतें, जणूं काय सातवे एडवर्ड बादशहा अजून गादीवर आहेत. (सेकंद सांठविण्याची त्याची जागाही मर्यादित आहे, ती ६ फेब्रुवारी २०४० रोजीं भरेल.) तारीख चुकणें हें हंसण्यावारी नेण्यासारखें दुखणें, पण तीच बॅटरी वर्षानुवर्षें आंत राहिली तर फुटते, आणि तिच्यांतील द्रव मुख्य पाटीवरील तांब्याच्या बारीक रेषा खाऊन टाकतो. चांगला चालता संगणक कपाटांत जपून ठेवावा आणि दहा वर्षांनीं उघडावा तों आंत नुसता गंज, अशी गत अनेकांची झाली आहे. १९८९ चा एसई/३० व १९९० चा क्लासिक या नमुन्यांना दुसरा एक शत्रु आहे, तो म्हणजे कपॅसिटर. हे लहान डबे कालांतरानें पाझरतात. मग आवाज क्षीण होतो, पडद्यावर पट्टे उठतात, आणि शेवटीं यंत्र मुकें होतें. जाणते लोक ती पाटी बाहेर काढून धुतात, होय, चक्क पाण्यानें धुतात, नीट वाळवितात आणि नवे कपॅसिटर सोल्डर करून बसवितात. एक इशारा मात्र येथेंच दिला पाहिजे. पडद्याच्या कांचनळींत वीज भिंतींतली पिन काढल्यावरही मोठ्या दाबानें सांठून राहूं शकते. मुलांनीं ही पेटी एकट्यानें कधींही उघडूं नये.

हीं झालीं देहाचीं दुखणीं. मनाचीं निराळींच. १९९१ सालीं सिस्टम ७ ही कार्यप्रणाली आली, तेव्हांपासून एक्स्टेन्शन नांवाच्या छोट्या पुरवण्यांचा फार सुळसुळाट झाला. संगणक सुरू होतांना पडद्याच्या तळाशीं त्यांचीं चित्रें एकामागून एक रांगेनें येत. प्रत्येक पुरवणी आपल्यापरी उपयोगी; पण दोघींचें एकमेकींशीं पटलें नाहीं कीं सगळ्या घराचा कारभार बंद, आणि पडद्यावर वात पेटलेल्या बॉम्बचें चित्र. यावरचा उपाय सुरेख आहे. शिफ्टची कळ दाबून धरून यंत्र सुरू करावें, म्हणजे सर्व पुरवण्या बाजूला राहतात. बिघाड नाहींसा झाला तर दोष त्यांच्यांत आहे हें ठरलें. मग अर्ध्या पुरवण्या घालून पाहाव्या. बिघाड आला तर अपराधी या अर्ध्यांत, न आला तर उरलेल्या अर्ध्यांत. पुन्हा त्यांच्या निम्म्या, पुन्हा त्यांच्या निम्म्या. अपराधी एकटाच असेल तर बत्तीस पुरवण्यांतून तो पांच फेऱ्यांत हातीं लागतो. भूमितीच्या तासाला ज्या तर्कपद्धतीचा मुलांना कंटाळा येतो, तिचा याहून गोड उपयोग आम्हांला ठाऊक नाहीं.

परंतु सर्वांत मोठी अडचण आहे ती फ्लॉपीची. पहिल्या मॅकिन्टॉशच्या फ्लॉपीवर ४०० किलोबाइट मजकूर राही, १९८६ च्या मॅकिन्टॉश प्लसच्या फ्लॉपीवर ८०० किलोबाइट. तो लिहितांना फ्लॉपी आंतल्या वर्तुळांवर एका वेगानें व बाहेरच्या वर्तुळांवर दुसऱ्या वेगानें फिरविली जाई. इतर संगणकांचे ड्राइव्ह ती सर्वत्र एकाच वेगानें फिरवितात. म्हणून यूएसबीनें जोडावयाचा आजचा फ्लॉपी ड्राइव्ह पुढच्या काळांतील १.४४ मेगाबाइटची फ्लॉपी वाचील, ही मुळींच वाचणार नाहीं. म्हणजे अशा मॅकिन्टॉशसाठीं फ्लॉपी तयार करावयाला बहुधा जुना मॅकिन्टॉशच लागतो, आणि ज्याच्यांत हार्ड डिस्क नाहीं किंवा असून ती मेली आहे तो मॅकिन्टॉश फ्लॉपीवांचून सुरू होत नाहीं. वेड गेल्याशिवाय लग्न होत नाहीं आणि लग्न झाल्याशिवाय वेड जात नाहीं! पडद्यावर फ्लॉपीचें चित्र व त्यांत लुकलुकणारें प्रश्नचिन्ह एवढेंच दिसत राहतें. ही गांठ सोडविण्याची जुनी रीति अशी: ज्याच्याकडे चालतें यंत्र आहे त्यानें फ्लॉपी करून दुसऱ्याला टपालानें धाडावी. अलीकडे ब्लूस्कझी नांवाचें एक लहानसें उपकरण निघालें आहे. तें जुन्या हार्ड डिस्कच्या जागीं आजचें मेमरी कार्ड बसवूं देतें, आणि त्याचा आराखडा कर्त्यांनीं सर्वांसाठीं खुला ठेविला आहे. पण कार्ड कोरें असून काय उपयोग? त्यावर घालावयाची कार्यप्रणाली व आज्ञावल्या कोणाकडून तरी मिळाव्याच लागतात.

आणखी एक गोष्ट विद्यार्थ्यांना सांगण्यासारखी आहे. जुन्या मॅकिन्टॉशवरील फाइलला दोन फांटे असत. एकांत साधा मजकूर राही. दुसऱ्यांत चित्रें, खिडक्यांचे आराखडे आणि त्या काळच्या आज्ञावलीचा खुद्द संकेत. इतर संगणकांना हा दुसरा फांटा ठाऊकच नाहीं. त्यामुळें मॅकिन्टॉशची आज्ञावली साध्या रीतीनें दुसऱ्या जातीच्या संगणकावर उतरविली कीं नांव तेवढें राहतें आणि प्राण निघून जातो. फाइल पाहावी तों रिकामी. हे दोन्ही फांटे एकत्र बांधून, शिवाय आकारानें लहान करून पाठविण्याची सोय ज्या आज्ञावल्यांनीं केली त्यांत स्टफइट ही फार लोकप्रिय झाली. तिचा कर्ता रेमंड लाऊ हा १९८७ सालीं ती लिहिली तेव्हां न्यूयॉर्कच्या स्टायव्हेसंट हायस्कुलांतील विद्यार्थी होता. आमच्या वरच्या वर्गांतील मुलांनीं हें वाक्य दोनदां वाचावें.

इतकी सगळी विद्या एका माणसाजवळ नसते. विक्रेत्याजवळ तर ती कधींच नव्हती. ती जमली लोकांच्या मेळाव्यांतून. बोस्टन कॉम्प्युटर सोसायटी ही संस्था १९७७ सालीं जोनाथन रोटेनबर्ग या तेरा वर्षांच्या मुलानें एका सोबत्याच्या साह्यानें काढली, आणि पुढें तिचे सभासद तीस हजारांच्या घरांत गेले. कॅलिफोर्नियांतील बर्कली येथें विद्यापीठाच्या आश्रयानें मॅकिन्टॉश वापरणाऱ्यांचा एक संघ १९८४ सालींच निघाला. माहिती वांटणें हाच आपला व्यापार, असें तो अभिमानानें म्हणवीत असे. एकानें आपली अडचण मांडावी, दुसऱ्यानें आपल्याला सुचलेला तोडगा सांगावा, आणि ज्या आज्ञावल्या वांटण्यास कर्त्यांची मोकळीक होती त्यांच्या फ्लॉप्या हातोहात जाव्या, असा हा प्रकार. बोस्टनची संस्था १९९६ सालीं बंद पडली, पण तिची रीति बंद पडली नाहीं.

वांटतां वांटतां रोगही वांटला जातो, हें येथें सांगितलें पाहिजे. १९८९ सालीं असा एक व्हायरस निघाला कीं, बाधलेली फ्लॉपी नुसती आंत सारली तरी संगणकाला लागण होई. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठांतील जॉन नॉर्स्टॅड यांनीं त्याच वर्षीं डिसइन्फेक्टंट नांवाची रोगनाशक आज्ञावली लोकांना दिली. एक पैसा घेतला नाहीं. नवा व्हायरस आला कीं ते सुधारलेली आवृत्ति काढीत, आणि हें त्यांनीं १९९८ पर्यंत चालविलें. धर्मार्थ दवाखाना चालविणें म्हणजे काय हें आमच्या वाचकांना ठाऊक आहे. हा त्याच जातीचा उद्योग होता असें आम्ही समजतों.

पैसा घेणाऱ्यांतही सचोटीची एक नवी तऱ्हा त्या काळांत निघाली. अँड्र्यू फ्लूगलमन, जे पुढें मॅकवर्ल्ड मासिकाचे पहिले संपादक झाले, त्यांनीं १९८२ सालीं आपल्या एका आज्ञावलीबरोबर असें कळविलें कीं, हिच्या प्रती खुशाल करा, मित्रांना द्या, आणि उपयोगी वाटली तर मला २५ डॉलर पाठवा. हीच शेअरवेअरची चाल. मॅकिन्टॉशच्या जगांत ती फार फोफावली. स्टफइट अशीच वांटली गेली. येथें कुलूप नव्हतें, पहारेकरी नव्हता. घेणाऱ्याची सदसद्विवेकबुद्धि हीच वसुली करणारी. पुष्कळांनीं पैसे पाठविले नाहींत हेंही उघड आहे. आणि आज चाळीस वर्षांनंतर एखादा पाठवूं म्हणेल तर त्या चिठ्ठीवरच्या पत्त्यावर कोणी राहत नाहीं.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. कायद्याची बाजू आम्ही झांकून ठेवणार नाहीं. "टाकून दिलेली आज्ञावली" असा कोणताही वर्ग कायद्याला ठाऊक नाहीं. आपल्या देशाच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याखालीं संगणकाची आज्ञावली वाङ्मयांतच गणली जाते, आणि वाङ्मयावरील हक्क कर्त्याच्या मरणानंतर साठ वर्षें चालतो. जो ती रीतसर बाळगतो त्यानें नासधुशीपासून बचाव म्हणून एक राखीव प्रत करून ठेवावी, एवढी मुभा कलम ५२ नें दिली आहे. ती शेजाऱ्याला देण्याची मुभा नव्हे. अमेरिकेंत कंपनीच्या नोकरींत केलेल्या अशा कृतीवर प्रसिद्धीपासून ९५ वर्षें हक्क राहतो. म्हणजे १९८४ सालची चित्रें काढण्याची मॅकपेंट ही आज्ञावली २०७९ च्या अखेरीस मोकळी होईल! जिच्यावर ती मूळ विकली गेली ती फ्लॉपी तोंपर्यंत वाचतां येईल, असें कोणीही जाणता म्हणणार नाहीं. अमेरिकेंत २००३ सालीं अशी एक सवलत मिळाली कीं, ज्या आज्ञावल्यांचें मूळ यंत्र आतां कोणी तयार करीत नाहीं त्यांचीं कुलुपें उघडण्यास हरकत नाहीं. परंतु उघडून प्रती वांटण्याची परवानगी त्यांत नव्हती.

तेव्हां जुनी वस्तु कोणाचीच नव्हे असें म्हणणाऱ्या पालकांशीं आम्ही सहमत नाहीं. वस्तु जुनी झाली म्हणून तिचा धनी मरत नाहीं. मुलाच्या कानीं हें वाक्य एकदां पडलें म्हणजे तें जुन्यापाशीं थांबत नाहीं. कालच निघालेली, दुकानांत विकत असलेली आज्ञावलीही त्याला लवकरच "कोणाचीच नव्हे" अशी दिसूं लागते. आणि ज्यानें ती लिहिण्यांत रात्री घालविल्या तो कदाचित् त्याच्याच वयाचा असेल.

उलट, कायदा तो कायदा म्हणून हात झटकणाऱ्यांशींही आमचें पटत नाहीं. नियम पाळला कीं कर्तव्य संपलें असें मानणाऱ्यांना प्रभूनें काय सुनावलें तें या शाळेंत सांगावयास नको. शिवाय खुद्द नियमशास्त्राकडे पाहावें. इस्राएल लोकांच्या शेतकऱ्याला त्यांत अशी ताकीद आहे कीं, कापणी करतांना शेताचे कोपरे अगदीं साफ करूं नयेत व मागें पडलेला सरवा वेंचूं नये. तो गरिबासाठीं व उपऱ्यासाठीं राहूं द्यावा. याच नियमाच्या आधारानें रूथ बवाजाच्या शेतांत गेली. शेत बवाजाचेंच राहिलें. त्याचा हक्क कोणीं नाकारला नाहीं. पण रूथही चोर ठरली नाहीं. ती रात्रीं येऊन पेंढ्या उचलून नेत नव्हती. कापणारे पुढें गेल्यावर, दिवसाढवळ्या, त्यांच्या मागें राहिलेलें वेंचीत होती. धन्याचा हक्क आणि गरिबाचा वांटा या दोहोंना त्या नियमांत जागा आहे. आमच्या मतें जुन्या आज्ञावल्यांना हाच दृष्टांत नेमका लागू पडतो. पीक घरीं गेलें आहे. धन्यानें तें शेत नांगरावयाचेंही सोडून दिलें आहे. अशा वेळीं भोंवतीं कुंपण घालून कणसें जागच्या जागीं कुजूं देणारा धनी कायद्यानें निर्दोष असेल. पण हातीं आलेला तलांत जमिनींत पुरून ठेवणाऱ्या चाकराची गोष्ट त्यानेंही एकदां वाचावी.

या संबंधांत मराठी ख्रिस्ती माणसाला फादर स्टीफन्स यांच्या ख्रिस्तपुराणाची आठवण झाल्यावांचून राहत नाहीं. सुमारें अकरा हजार ओंव्यांचा हा ग्रंथ गोमंतकांत राचोल येथें १६१६ सालीं रोमन अक्षरांत छापला गेला. १६४९ व १६५४ सालीं तो पुन्हा छापला. या तीन आवृत्त्यांपैकीं एकीचीही प्रत आज कोठें असल्याचें माहीत नाहीं. छापखान्याची सारी मेहनत काळानें गिळली. ग्रंथ वांचला तो हातानें उतरून घेणाऱ्या लोकांमुळें. गोमंतकांत व मंगळुराकडे ख्रिस्ती कुटुंबांनीं त्याच्या नकला करून ठेविल्या, आणि तशाच हस्तलिखितांच्या आधारें जोसेफ साल्ढाणा यांनीं १९०७ सालीं मंगळूर येथें तो पुन्हा छापून काढला. लंडनच्या मार्सडेन संग्रहांत एक देवनागरी प्रत आहे, तीही हातानेंच उतरलेली. कोणी म्हणेल कीं ही तुलना लंगडी आहे. स्टीफन्स यांनीं ग्रंथ लोकांनीं वाचावा म्हणून रचला, विकून पैसा करण्यासाठीं नव्हे. आक्षेप खरा आहे. म्हणून आम्ही ती तुलना एवढ्यापुरतीच ठेवतों कीं, एका ठिकाणीं जपलेली सुबक मूळ प्रत गेली, आणि अनेक ठिकाणीं विखुरलेल्या वेड्यावांकड्या नकला उरल्या.

सरवा वेंचणाऱ्यालाही मर्यादा आहेत. जी आज्ञावली आजही विकत मिळते ती सरवा नव्हे. कर्त्यानें फुकट वांटलेल्या आज्ञावल्या एका सीडींत भरून ती सीडी पैशानें विकणारा वेंचणारा नव्हे, दलाल होय. आणि असे दलाल त्या काळींही थोडे नव्हते. कर्त्याचें नांव, त्याची चिठ्ठी, त्यानें घातलेली अट हीं काढून टाकून प्रत पुढें देणें आम्हांला पैसे न देण्याहूनही वाईट वाटतें. पेटीच्या आंतल्या त्या सह्या खरवडून काढण्यासारखेंच तें आहे.

धन्यांनीं काय करावें हें सांगण्यासाठीं दूर जावयास नको. बिल ॲटकिन्सन यांनीं लिहिलेल्या त्याच मॅकपेंटचा मूळ संकेत २०१० सालीं ॲपलच्या संमतीनें कॅलिफोर्नियांतील कॉम्प्युटर हिस्टरी म्युझियमनें प्रसिद्ध केला. व्यापार न करण्याच्या अटीवर तो कोणालाही वाचतां येतो. त्याच कंपनीनें सिस्टम ७.५.३ पर्यंतच्या आपल्या जुन्या कार्यप्रणाल्या एके काळीं विनामूल्य उतरवून घेऊं दिल्या होत्या, आणि जगभरचे कित्येक मॅकिन्टॉश त्यामुळें पुन्हा चालूं लागले. यांत कंपनीचें कांहीं बुडालें असें ऐकिवांत नाहीं. याच्या उलट प्रकारही घडतात. नोंदणीचा आंकडा घातल्यावांचून न चालणाऱ्या आज्ञावल्या लोकांनीं प्रामाणिकपणें विकत घेतल्या; पुढें आंकडा देणारी कचेरी बंद झाली; संगणक बदलला तेव्हां पैसे भरणारा बाहेर उभा राहिला, आणि कुलूप फोडून घेणारा मात्र निवांत आंत बसला. सचोटीला असा दंड बसूं लागला तर आम्हीं वर्गांत मुलांना काय सांगावें? आमचें स्पष्ट मत आहे कीं, जी आज्ञावली धनी पंधरा-वीस वर्षें विकीत नाहीं व दुरुस्तही करीत नाहीं, ती जपण्याचा व वाचकांना वापरावयास देण्याचा अधिकार सार्वजनिक ग्रंथालयांना कायद्यानें द्यावा. धन्याला ती पुन्हा विकावीशी वाटली तर त्यानें तसें कळवून ती परत मागून घ्यावी. असा कायदा होईपर्यंत मुलांना आम्ही इतकेंच सांगतों कीं, संग्रहालयाच्या खिडकींतून खुशाल पाहा, शिका. कर्ता हयात असून त्याचा पत्ता लागत असेल तर त्याला पत्र लिहून परवानगी मागा. कित्येक कर्त्यांनीं आपल्या जुन्या आज्ञावल्या अशा मागणीनंतर आनंदानें मोकळ्या केल्या आहेत. आणि दुरुस्तीची जी विद्या तुम्हांला कोणीं फुकट दिली ती लिहून ठेवा. तिच्यावर कोणाचाच मालकी हक्क नाहीं.

हा सारा विचार परदेशांतल्या खेळण्यांविषयीं आहे असें कोणी समजूं नये. १९९० च्या दशकांत मराठी अक्षरजुळणी संगणकावर आली तेव्हां प्रत्येक कंपनीच्या फाँटांत अक्षरांची क्रमवारी निराळी होती. युनिकोडची पहिली आवृत्ति १९९१ सालीं निघाली व तिच्यांत देवनागरीला जागा होती. पण आपल्या छापखान्यांत युनिकोड रुळावयास त्यापुढें पुष्कळ वर्षें गेलीं. त्या मधल्या काळांत जुळविलेलीं पुस्तकें, मंडळ्यांचे अहवाल, स्मरणिका अजून फ्लॉप्यांवर व सीड्यांवर पडून आहेत, आणि त्यांतल्या कांहीं मॅकिन्टॉशवर जुळविलेल्या आहेत. फ्लॉपी वाचतां आली, फाइल उघडली, तरी तो फाँट नसेल तर पडद्यावर रोमन अक्षरें व खुणा यांचा नुसता काला दिसतो. तेथें मराठी आहे हेंही ओळखूं येत नाहीं. तो फाँट विकणारी कंपनी राहिली नसेल तर कोणाच्या तरी संग्रहांतून त्याची प्रत मिळविल्यावांचून तें मराठी पान वाचण्याची आशा फारच थोडी.

म्हणून ज्या पालकांच्या घरीं, कचेरींत किंवा मंडळींत असा जुना संगणक वा फ्लॉप्या असतील त्यांना विनंति आहे कीं, रद्दीवाल्याला बोलावण्यापूर्वीं त्या एकदां बाहेर काढाव्या. फ्लॉपीच्या कोपऱ्यांतली छोटी खिटी सरकवून भोंक उघडें करावें, म्हणजे तिच्यावर चुकून कांहीं लिहिलें जाणार नाहीं. तिच्यावर काय आहे, कोणत्या सालचें, कोणत्या आज्ञावलीनें व कोणत्या फाँटांत जुळविलेलें, हें आठवत असेल तेवढें कागदावर लिहून सोबत ठेवावें. फाँटाची मूळ फ्लॉपी सांपडली तर ती वेगळी न करतां त्याच पाकिटांत घालावी. संगणक सुरू करून पाहण्याचा मोह आवरावा. बॅटरी मात्र जाणत्या माणसाकडून पावसाळ्यापूर्वींच काढून घ्यावी.